सुबोधचे पाच जास्तीचे दिवस

सुबोध हडकरवर मी काही लिहावं, इतका तो माझ्या ओळखीचा नव्हता. आमची दारं समोरासमोर, मधे चार पावलांची मोकळी जागा. तरी त्याला कुठली भाजी आवडत नाही, त्याचे मित्र कोण, तो कधी कुणावर ओरडला का, यातलं मला काहीच सांगता येणार नाही. भांडुपच्या आमच्या इमारतीत तो लहानाचा मोठा झाला त्या काळात मी नोकरीपायी सकाळी घर सोडत होतो आणि अंधार पडल्यावर परतत होतो. मी निवृत्त होऊन घरी बसलो तोवर तो लग्न करून मुलुंडला भाड्याच्या जागेत गेला होता, आणि तिथून पुढे इंग्लंडला. जी काही ओळख झाली ती नंतर तो आईसाठी परत आला त्या सहा महिन्यांत, सकाळी तो माझ्याकडे वर्तमानपत्र न्यायला आणि परत द्यायला येई तेवढ्यात. त्याने तुकड्यातुकड्याने सांगितलेलं जोडून लिहितो आहे. जोडणीत कुठे चुकलं असेल तर ती चूक माझी.

सुबोध मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छपाईच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याची बायको रेवती मुलुंडच्या एका इस्पितळात नर्स. रेवतीला इंग्लंडच्या एका सरकारी इस्पितळात नोकरी मिळाली, तेव्हा सुबोध चव्वेचाळीस वर्षांचा होता. कारखान्यातल्या लोकांनी त्याला निरोप देताना हार घातला आणि कोणीतरी म्हणालं, "बायकोच्या मागे मागे चाललास, मजा आहे बाबा!" तोही हसला. कागदावर तो खरोखरच बायकोवर अवलंबून असलेला नवरा म्हणून गेला. सोबत आठ वर्षांची ओवी. तिथे त्याला पार्सलांच्या गोदामात काम मिळालं.

तिकडे असं आहे, की पाच वर्षं सलग राहिलं की कायमचं राहण्याचा हक्क मागता येतो. पण त्या पाच वर्षांत, कुठलेही बारा महिने धरले तरी, एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहायचं नाही. जास्त झाले तर सलगपणा तुटतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय पाचाची दहा वर्षं होणार अशा बातम्या येऊ लागल्या होत्या. हे मला सुबोधनेच समजावलं, पेपरच्या कोऱ्या कडेवर पेनाने रेघा मारून. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्याने न कंटाळता सांगितलं.

त्यांची पाच वर्षं पुरी व्हायला अकरा महिने उरलेले असताना, नवरात्र संपल्यावर, त्याची आई सोनूबाई न्हाणीघरात पडली आणि खुबा मोडला. नवरा गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांत गेलेला, मुलगी शकु कुडाळला आपल्या संसारात. शकुचे सासू-सासरे दोघेही अंथरुणाला खिळलेले. ती चार दिवस येऊन गेली. सुबोधने गोदामाची नोकरी सोडली आणि तेरा ऑक्टोबरच्या रात्री विमानात बसला.

निघताना रेवतीने फ्रिजवर एक कागद चिकटवला. निघण्याचा दिवस धरायचा नाही, पोचण्याचा धरायचा नाही, मधले सगळे धरायचे. एकशे ऐंशीवा दिवस अकरा एप्रिल. बारा एप्रिलला त्याचं पाऊल इंग्लंडच्या जमिनीवर पडलंच पाहिजे. ओवीने त्या तारखेभोवती लाल पेनाने गोल काढला.

इकडे भांडुपलाही मोजणी सुरू झाली. सोनूबाईच्या पलंगासमोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. सुबोध रोज सकाळी त्या दिवसाच्या चौकोनात बारीक आकडा लिही. शस्त्रक्रिया झाली, पण म्हातारी उभी राहिली नाही. आधी पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ धरला. आईला कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं, सगळं तो करत होता. दिवसाची बाई ठेवून पाहिली, पण सोनूबाईने तिला दुसऱ्याच दिवशी हाकलली.

म्हातारीचे डोळे अधू झाले होते, आकडे तिला दिसत नसत. पण ते कशाचे आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी चहा पाजताना ती विचारी, "आज कितवो रे?"

"शंभरावा."

"कालपण शंभरच सांगितलंस."

"काल नव्व्याण्णव सांगितला. तुला ऐकू येत नाही."

"माका सगळा ऐकाक येता."

खरं म्हणजे त्या दिवशी एकशे तेविसावा होता. तो आईला वीस-पंचवीस कमीच सांगत असे. मला म्हणाला, "खरा आकडा सांगितला तर ती जेवत नाही, काका. म्हणते, कित्याक जेवू, लवकर सुटूक होया तुका."

तो सुटावा असं तिला वाटत होतं आणि तो जाऊ नये असंही. एकदा माझ्या देखत तिने त्याला फटकारलं. मी विचारपूस करायला गेलो होतो. रेवतीचा फोन येऊन गेला होता, आणि सुबोध पाच एप्रिलच्या तिकिटाबद्दल बोलत होता; सात दिवस हाताशी ठेवून त्याने ते काढलं होतं. म्हातारी छताकडे बघत म्हणाली, "माझो जीव म्हणजे काय विमानाचा तिकीट रे, तारीख बघून काढूक?"

सुबोध म्हणाला, "कोण म्हणालं तसं? तू बरी होणार आहेस. मी शकुला आणून ठेवतो आणि जातो."

"जा. माका काय. ह्या शेजारच्या काकांका सांग, मी मेलंय तर तुका पत्र घालूक."

मी चपला घातल्या आणि आलो.

रेवती फोनवर कडक बोलायची, आणि आईचं करताना हात मोकळे राहावेत म्हणून सुबोध फोन स्पीकरवर ठेवायचा. भिंती पातळ, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या; न ऐकायचं ठरवलं तरी कानावर येई.

"सुबोध, मला एक सांग, एकशे ऐंशी म्हणजे किती?"

"रेवती, मी शाळेत आहे का?"

"नाहीस ना? मग शहाण्यासारखा वाग. मला आणि ओवीला मिळालं आणि तुला नाही, तर पुढे काय? तू परत पहिलीपासून सुरू करणार? वय काय आपलं?"

"अगं, आई आहे."

"मला कळत नाही का आई आहे ते? मी रोज दुसऱ्यांच्या आयांचं करते इथे." मग ती जरा नरमाईने म्हणाली, "ताप किती आहे? पाय सुजलेत का? फोन जरा त्यांच्या पायाकडे कर."

दोन एप्रिलला पहाटे सोनूबाई गेली. तिकिटाला तीन दिवस होते. एकशे एकाहत्तरावा दिवस.

त्या दुपारी स्मशानातून आल्यावर घरात तिघंच उरलो: सुबोध, मी, आणि पहाटे निरोप मिळाल्याबरोबर मिळेल त्या गाडीने निघून कशीबशी पोचलेली शकु. आईचं तोंड तिला पाहायला मिळालं नाही. सुबोध कॅलेंडरसमोर उभा होता. त्याने बोटाने मोजलं. दहावा अकरा तारखेला येत होता, तेरावा चौदाला. आणि बाराला त्याला पलीकडे पोचायचं होतं.

गुरुजींना फोन केला. ते आमच्याच भागातले, अशी कामं त्यांच्या सवयीची. ते म्हणाले, परदेशी जाणाऱ्यांसाठी तीन दिवसांत सगळं आटोपतात, शास्त्राला सोय आहे. चार तारखेला पिंड, पाचला बाकीचं, की तुम्ही मोकळे.

शकु भिंतीला टेकून बसली होती. "आवशीचा कार्य तीन दिसात गुंडाळतलंस?"

"शकु, माझ्या हातात नाही गं."

"हातात नाय म्हणजे? तुझोच हात, तूच करतलंस."

"मी तेरा दिवस थांबलो तर पाच वर्षं जातात."

"मगे जाऊ दे ना! तिणा तुझ्यासाठी किती वर्षा घालवली, मोजलंस?"

सुबोध माझ्याकडे वळला. म्हणाला, "काका, तुम्ही सांगा. तुम्ही काय केलं असतं?"

आयुष्यात मला असा सल्ला कुणी विचारलेला नाही. मी म्हणालो, "बघ बाबा, तुला योग्य वाटेल ते." ते म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्याने गुरुजींना होकार कळवला. तिकीट पाचाचं आठाला बदललं. ते काम घाटकोपरच्या धवल नावाच्या एजंटने करून दिलं. चार तारखेला पिंड ठेवला आणि सुबोध हात जोडून मागे सरतो न सरतो तोच कावळा येऊन शिवला. शकु म्हणाली, "बघ, आवशीक पण तुझीच घाई." पाचला सगळं संपलं. सहाला शकु कुडाळला परत गेली. जाताना भावाशी बोलली नाही, मला मात्र "येतंय काका" म्हणाली.

सात तारखेला सुबोधने भांडी पुसून फळीवर पालथी घातली, गादी गुंडाळली, गॅस बंद केला. संध्याकाळी धवलचा फोन आला. सुबोध माझ्याच दारात उभा होता. घराची किल्ली माझ्याकडे ठेवायला आला होता.

"सुबोधभाई, उद्याची फ्लाइट कॅन्सल."

"काय बोलतोयस? का?"

"टीव्ही नाही बघितला? आखातात लफडं झालंय. वरचं आकाशच बंद. मी काय करू, आकाश थोडी ना माझं आहे."

"मग सरळ लंडनला जाणारं दे. कितीला पण दे."

"अरे यार, सगळी पब्लिक त्याच्यावरच तुटून पडली आहे. बाराचं बघतो. गॅरंटी नाही."

बाराचं मिळालं आणि अकराला तेही रद्द झालं. सतरा तारखेचं थेट विमान मिळालं, तोवर कशातच जागा नव्हती. सुबोधने कॅलेंडरवर मोजलं. एकशे पंच्याऐंशी. पाच जास्त.

त्या दहा दिवसांत तो फारसा बाहेर पडला नाही. बांधलेली बॅग दाराशी होती तशीच ठेवली. गादी रात्री सोडायचा, सकाळी पुन्हा गुंडाळायचा. इमारतीतल्या लोकांना वाटत होतं तो गेला. ज्यांना माहीत होतं त्यांना भेटायला कुठल्या निमित्ताने जावं हे समजेना, कारण सुतक तर संपलेलं. दिवस चालू असते तर माणसं आली असती, पिठलं-भात आणून दिला असता. ते सगळं पाच तारखेला बंद झालं होतं. मलाही समोरचं दार वाजवायला धीर होत नसे.

अकरा तारखेला तो स्वतःच आला, पेपर परत द्यायला. पेपर उघडलेलाच नव्हता. म्हणाला, "काका, आज दहावा."

"हो रे."

"मी इथेच आहे. आणि मला आज काही करायचंच नाही."

मी त्याला आत बोलावलं. तो बसला. आम्ही चहा प्यायलो. पंखा कर्कर वाजत होता, त्याला तेल घालायला हवं असं तो म्हणाला, आणि मी म्हणालो, हो, घालायला हवं. अर्ध्या तासाने तो गेला. जाताना दारात थांबून म्हणाला, "रेवती म्हणते, कागद सगळे जपून ठेव. विमान रद्द झाल्याचं पत्र, आईचे इस्पितळाचे कागद, दाखला. असं कारण असलं तर ते सोडतात म्हणे काही दिवस. म्हणजे, सोडतील. सोडू शकतात."

चौदा तारखेला दुपारी समोरून तळणाचा वास आला. माझं जेवण झालेलं होतं. थोड्या वेळाने बेल वाजली. सुबोध आंघोळ करून धूतवस्त्र नेसून उभा. "काका, जरा येता? चार घासच."

त्याने वडे केले होते, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. वडे जरा कडक झाले होते. त्याने केळीचं पान कुठून आणलं कोण जाणे. एक पान सोनूबाईच्या रिकाम्या पलंगापाशी वाढून ठेवलं होतं, एक माझ्यासाठी. तो स्वतः बसेना.

"तूही बस की."

"आधी तुमचं होऊ दे. एक माणूस तरी जेवून उठायला पाहिजे ना आज."

मी जेवलो. पोट भरलेलं असताना चार वडे खाल्ले. तो समोर उकिडवा बसून बघत होता. मी उठल्यावर त्याने विचारलं, "बरे झालेत?" मी म्हणालो, "छान झालेत." मग त्याने आपलं पान घेतलं. बाहेर कावळ्यासाठी काही ठेवलं की नाही, ते मी पाहिलं नाही.

सतराला तो गेला. मी खाली रिक्षापर्यंत गेलो. एक बॅग उचलायला घेतली, ती त्याने माझ्या हातातून काढून घेतली.

ऑगस्टमध्ये तिघांनी अर्ज करायचा होता. जुलैत एका रविवारी त्याचा फोन आला. तिथल्या वकिलाने एक शंका काढली होती. हिंदूंमध्ये तेरा दिवसांचं कार्य असतं हे तिकडच्या अधिकाऱ्यांना माहीत आहे. मृत्यू दोन तारखेचा, तेरावा चौदाला. हा माणूस सतराला निघाला. मग विमान रद्द झालं म्हणून अडकला, की तेराव्यासाठी आपल्या मनाने थांबला? विमानामुळे अडकला असेल तर ते दिवस सोडता येतील. आपल्या मनाने थांबला असेल तर ते त्याचे.

"मग काय हवंय तुला?" मी विचारलं.

"गुरुजींकडून लिहून हवंय. कार्य पाच तारखेला पूर्ण झालं असं. आणि शेजारी म्हणून तुमची सही. पाचनंतर घरात काही झालं नाही म्हणून." मग तो म्हणाला, "शकुकडे मागू शकत नाही."

गुरुजींनी त्यांच्या छापील कागदावर चार ओळी लिहून दिल्या. कै. सोनूबाई राजाराम हडकर यांचे उत्तरकार्य दिनांक पाच रोजी त्यांच्या पुत्राचे हस्ते संपूर्ण झाले. खाली मी माझं लिहायचं होतं. मी घरी टेबलाशी बसलो. हयातभर कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज तपासले, खोटं लिहिणारा माणूस अक्षरावरून ओळखू येतो असं म्हणायचो. "माझ्या माहितीप्रमाणे पाच तारखेनंतर सदर घरी कोणतेही कार्य झाले नाही" एवढं वाक्य लिहायला मला दुपार लागली. गुरुजी आले नव्हते, मंत्र झाले नव्हते, तेव्हा ते वाक्य खरंच होतं. तरी पेन टेकवलं की कडक वडे आणि पलंगापाशी वाढलेलं ते पान डोळ्यांपुढे येई. आणि तो विमानामुळेच अडकला होता, हेही मी पाहिलं होतं. ते तर शंभर टक्के खरं. मी सही केली, खालच्या मजल्यावरच्या अक्षताला सांगून फोनवर फोटो काढवला आणि पाठवला.

सुबोधचं उत्तर आलं, "मिळालं." पुढे काही नाही.

शकुला हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आईच्या कार्यात त्याने घाई केली, असा कागद त्याला स्वतःच मागून घ्यावा लागला, आणि त्या कागदावरच त्याची पाच वर्षं टिकणार होती. त्याला याचं काय वाटलं ते मी विचारलं नाही. तेवढी ओळख नव्हती.

ऑक्टोबरात रात्री नऊच्या सुमाराला त्याचा फोन आला. मी अंथरूण घालत होतो.

"काका, आलं. तिघांचं आलं."

"अरे वा! अभिनंदन. रेवतीला सांग."

"सांगतो. ते पाच दिवस सोडले त्यांनी."

"चांगलं झालं."

"हो. आता कितीही दिवस येता येईल मला तिकडे, काका. म्हणजे आधीसारखं मोजायला नको." मागे गोदामातल्या गाड्यांचा आवाज येत होता. त्याला तिथेच पुन्हा काम मिळालं होतं. घर भाड्याने द्यायचं ठरलंय, किल्ली नेण्यासाठी एजंट येईल, असं त्याने सांगितलं. मी बरं म्हणालो. त्याला आणखी काही बोलायचं असावं. मलाही होतं, पण काय ते आठवेना.

त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मीही केला नाही. कशासाठी करू, हे ठरत नाही. समोर आता दुसरी माणसं राहतात. त्या रात्रीचं शेवटचं बोलणं एवढंच झालं.

"जेवलात का, काका?"

"हो, मघाशीच. तू?"

"इथे अजून साडेचारच वाजलेत. डबा आहे, आता उघडतो."

"बरं, जेव मग."

"हो. ठेवतो."